दुसऱ्यांदा विचारलं तर

टेंभेकाकांना कोणी काहीही विचारलं, तरी त्यांचं पहिलं उत्तर ‘नको’ असायचं. चहा घेता का? नको. बसता का? नको, निघालोच. खुर्ची पंख्याखाली सरकवू का? नको नको, हवा आहे की. हे म्हणताना ते उजव्या हाताचा पंजा छातीजवळ आडवा धरायचे आणि त्याच्या वरून तुमच्याकडे बघत राहायचे. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत की पंजा खाली यायचा आणि चेहरा असा उजळायचा, की विचारणाऱ्यालाच वाटावं आपण या माणसाला काहीतरी मोठं दिलं. जुनी इंदूर भागातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं. माझ्या आईला तेवढा वेळ नसायचा. ती दोन्ही प्रश्न एका दमात उरकायची, ‘‘चहा घेता का, घ्या ना!’’ त्यावर काका गोंधळून जायचे. त्यांना मधली ती जागा लागायची.

आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती. काका मिलमध्ये कापड तपासायला होते. तयार कापड खालून उजेड लावलेल्या काचेवरून सरकत यायचं, आणि कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ राहिलीय ते बघून खूण करायची, हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं तेच केल्यामुळे हाताला सवय जडली होती. कोणाशीही बोलताना समोरच्याच्या बाहीचा, पदराचा, नाहीतर आमच्या दाराच्या पडद्याचा कोपरा ते अंगठ्यात आणि बोटात धरून चोळत राहायचे. नवी साडी नेसून मी ऐटीत समोर गेले की म्हणायचे, ‘‘छान आहे ग मंजू. इथे एक धागा सुटलाय, पण तू बोलू नको कोणाला, दिसत नाही.’’ मला भयंकर राग यायचा. दुसऱ्याच्या कापडातला दोष त्यांना हातभर लांबून दिसे आणि स्वतःच्या कॉलरची झालेली चिंधी दिसत नसे.

अंगानं अगदी काटकुळे. चार हाडं आणि त्यांवर मिलचाच शर्ट. सुधाकाकू मात्र खणखणीत. त्या एका मराठी शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या आणि घरी आल्यावरही शाळेच्याच आवाजात बोलायच्या. मूलबाळ नव्हतं. रविवारी दुपारी भिंतीपलीकडून त्यांचं जेवण ऐकू यायचं. ‘‘भात वाढू?’’ ‘‘नको.’’ ‘‘घ्या हो, थोडा घ्या.’’ ‘‘बरं, वाढ.’’ मग माझे बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणायचे, ‘‘झाला टेंभ्यांचा नैवेद्य. चला, आता आपणही बसू.’’

पण काकांचं नाव होतं ते पंगतीत. इंदूरच्या आम्हा मराठी लोकांना दोन गोष्टींचा फार अभिमान, एक होळकरांचा आणि दुसरा आपल्या पंगतीचा. आजोबा दरबारात साधे कारकून असले तरी नातवंडं त्यांना दिवाण करून सांगतात, आणि पंगतीत किती लोक उठले यापेक्षा कोण किती जेवला याच्या गोष्टी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात. त्या काळात अशी गोष्ट निघाली की तिच्या शेवटी टेंभेकाका असायचेच. ‘‘खाणारा बघायचा तर टेंभे,’’ असं लोक बोलायचे. काही घरांत तर पत्रिका छापायला टाकण्याआधी त्यांना सवड आहे का हे विचारायचे.

माझ्या ताईच्या लग्नात मी सोळा वर्षांची होते. जिलबीचं ताट घेऊन काकांपुढे उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण ते माझं ऐकतात असं सगळ्यांचं मत. मी म्हणायचे, ‘‘काका, जिलबी?’’ पंजा आडवा. ‘‘नको, भोत झालं.’’ मी म्हणायचे, ‘‘माझ्यासाठी एक, घ्या ना काका!’’ की पंजा बाजूला. असं करत करत चाळिसाच्या पुढे गेलो. पंगतीतले लोक आपलं जेवण सोडून बघत होते. वरपक्षाचे एक गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत ओरडले, ‘‘अरे भिया, ये जातं कुठे?’’ सगळा मांडव हसला. कोणीतरी म्हणालं, आत मिलचं बॉयलर बसवलंय. काकाही हसले. मी तर हवेतच होते, एवढा माणूस आपल्या शब्दाखातर खातो म्हणून.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या नजरेत आली होती. ते जिलबीकडे बघतच नव्हते. पानात काय पडतंय, पाकातलं आहे की तळाचं जळकं, याची त्यांना खबर नव्हती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत. सोळाव्या वर्षी माणसाला दुसरं काय वाटणार!

मिल काही एका दिवसात बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग पगार पुढे जाऊ लागला, मग वीज तोडल्याची बातमी आली. सरकार म्हणत होतं की देश आता उघडला आहे, बाहेरच्या कंपन्या येताहेत, आणि आमच्याकडे एकेका मिलच्या फाटकाला कुलूप लागत होतं. एक दिवस भोंगा वाजला नाही. त्या भोंग्यावर आमच्या गल्लीतले कुकर चढायचे. आईनं तीन-चार दिवस डाळ करपवली आणि मग भिंतीवर नवं घड्याळ आणलं.

काकांनी मात्र मिलला जाणं सोडलं नाही. डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे, तिथे बसलेल्या लोकांत दुपारपर्यंत बसायचे आणि डबा तसाच भरलेला परत आणायचे. सुधाकाकू डबा उघडून अंगणात ओरडायच्या, ‘‘अहो, मी काय दगड भरून देते का? का नाही खाल्लं?’’ काका म्हणायचे, ‘‘राहून गेलं.’’ पुढे बाबांना त्यांनी खरं कारण सांगितलं. मिलच्या खात्यात चौघं एकत्र जेवायला बसायचे आणि एकमेकांच्या डब्यातलं एकमेकांना वाढायचे. ‘‘घे रे टेंभे,’’ असं कोणीतरी म्हणायचं. आता त्या चौघांतले दोघे गावाला गेले होते आणि तिसरा रिक्षा चालवत होता. काकांचा डबा त्यांना कोण वाढणार?

बाबांना दया आली. त्यांनी ओळख काढून पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात काकांची मुलाखत ठरवली. माल तपासण्याचंच काम होतं, काकांच्या हातचं. बाबा स्वतः बसमधून सोबत गेले आणि परत आले ते कपाळावर हात मारत. आत टाय लावलेला एक तरुण साहेब होता. त्यानं कागद बघितले, दोन-चार प्रश्न विचारले, खूश झाला आणि म्हणाला, ‘‘टेंभेजी, आप सोमवार से आ सकते हैं?’’ काकांनी पंजा आडवा धरला. ‘‘अरे नहीं नहीं साब, हमसे अब क्या होगा!’’ आणि त्या पंजावरून त्याच्याकडे बघत राहिले. साहेब म्हणाला, ‘‘ओके, नो प्रॉब्लेम,’’ आणि पुढचं नाव पुकारलं.

‘‘अहो, नोकरी होती ती! असं कोणी बोलतं का?’’ बाबा आमच्या ओसरीत चिडून सांगत होते. काका समोर खाली मान घालून बसले होते. तक्रार करत नव्हते, त्यांना नुसतं नवल वाटत होतं. ‘‘त्यानं परत विचारलंच नाही हो,’’ ते म्हणाले.

‘‘ती काय पंगत होती परत विचारायला?’’ बाबा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले. आज तो प्रसंग आठवला की मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

त्यानंतर गल्लीनं आणि गोतानं काकांना सांभाळायचं ठरवलं. कोणी तसं बोललं नाही, बैठक झाली नाही. पण आमच्या लोकांना दुसऱ्याबद्दल वाईट वाटलं की ते त्याला जेवायला बोलावतात, याहून वेगळा उपाय त्यांना सुचत नाही. मुंज, बारसं, डोहाळजेवण, कोणाच्या घरचं श्राद्ध, सगळीकडून काकांना बोलावणं येऊ लागलं. आणि आग्रह असा, की पूर्वी नव्हता. पूर्वी गंमत होती, आता दया होती. ‘‘घ्या टेंभे, घरी काय मिळत असेल नसेल,’’ असं एका बाईनं माझ्यादेखत म्हटलं. काकांनी पंजा खाली घेतला आणि तिनं घातलेले दोन्ही बाफले खाल्ले. माळव्यातला बाफला म्हणजे तुपात बुडवलेला कणकेचा गोळा, धडधाकट माणूस दोनांत गार होतो. काकांचे ते सातवा आणि आठवा होते. ते जितके जास्त जेवत होते तितके वाळत चालले होते, आणि लोक अजून तोच जुना विनोद करत होते, जातं कुठे?

ते जातं कुठे ते मी पाहिलं. तोवर मला पलासिया भागातल्या एका बँकेत नोकरी लागली होती. एका मुंजीला सुटी काढून गेले होते. जेवणं झाल्यावर हात धुवायला मंगल कार्यालयाच्या मागे गेले, तर टाकीच्या आडोशाला काका वाकलेले. दोन बोटं घशात. आवाज नाही, धडपड नाही. रोज दात घासावेत इतक्या सवयीनं ते ओकत होते. झाल्यावर त्यांनी चूळ भरली, चिमणीसारखे दोन हबके तोंडावर मारले, घडी केलेल्या रुमालानं ओठ टिपले आणि वळले, तर समोर मी.

‘‘कधीपासून करून राहिले हे?’’ मी विचारलं.

‘‘पहिल्यापासूनच ग. मिल होती तोवर महिन्यातून एखादवेळा. आता लोक भोत बोलावून राहिले.’’

‘‘मग खाता कशाला? नाही म्हणा ना!’’

‘‘पहिल्यांदा म्हणतो की.’’

‘‘दुसऱ्यांदाही म्हणा!’’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी क्रूर बोलले आहे. माझ्या पदराचा काठ त्यांच्या बोटांत कधी आला ते त्यांना कळलंही नसेल. ‘‘दुसऱ्यांदा ज्यानं विचारलं त्याला नाही कसं म्हणायचं, मंजू?’’ ते म्हणाले. ‘‘पोटाला काही नको असतं. पण तो माणूस थांबला ना आपल्यापाशी. पुढे नाही गेला.’’

‘‘आणि घरी?’’

‘‘घरी उतरतच नाही. सुधा दिवसभर उभी राहून कमावते. पोळी तोंडात घेतली के वाटतं, ही माझी कशी?’’ मग पदर सोडून हळूच म्हणाले, ‘‘तिला बोलू नको हं. तिची बिचारीची काही चूक नाही.’’

मी सांगितलं. आठवडाही थांबले नाही. मला वाटलं, मी त्यांचा जीव वाचवते आहे. शिकलेली होते, बँकेत होते, गल्लीतल्या अडाणी आग्रहापेक्षा मला जास्त कळतं अशी माझी खात्री होती.

सुधाकाकू आधी रडल्या, मग चिडल्या, मग काकांना घेऊन पलासियाच्या एका मोठ्या डॉक्टरकडे गेल्या. मीच सोबत होते. तिथे घशातून नळी घालून पोट तपासलं. पोट साफ निघालं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं समजावून सांगितलं, ‘‘भाभीजी, पेट में कुछ नहीं है. ये दावत-वावत बंद करो. सादा खाना, और कोई जबरदस्ती न करे. भूख लगेगी तो खुद माँगेंगे.’’ खुद माँगेंगे! काकांना कधी कोणी काही मागताना बघितलं होतं का, असा प्रश्न त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना पडू शकला असता. आम्हाला तो पडला नाही. आम्ही दोघी जोरजोरानं मान हलवत होतो. काका बाजूच्या स्टुलावर बसून डॉक्टरच्या पडद्याचं कापड चोळत होते.

दुसऱ्या दिवशी सुधाकाकू गल्लीत दारोदार फिरल्या. त्यांनी शाळेच्या आवाजात सगळ्यांना बजावलं, ‘‘ज्याला माझ्या नवऱ्याची काळजी असेल, त्यानं त्यांना फक्त एकदा विचारायचं. नको बोलले तर नको. परत आग्रह केला तर माझ्याशी गाठ आहे.’’ आमचे लोक एरवी कोणाचं ऐकत नाहीत, नगरपालिकेचं तर मुळीच नाही. पण हे मात्र त्यांनी अगदी निष्ठेनं पाळलं. पंगतीत काकांचं पान आलं की वाढणारा एकदा विचारायचा आणि ‘नको’चा ‘को’ पुरा व्हायच्या आत पुढे सरकायचा. काकांचा पंजा तसाच आडवा राहायचा. हळूहळू बोलावणीही कमी झाली. न खाणाऱ्या टेंभ्यांना बोलावून काय करणार?

भिंतीपलीकडचं जेवण आम्हाला अजून ऐकू यायचं. ‘‘भात वाढू?’’ ‘‘नको.’’ ‘‘बरं.’’ आणि मग भांडं झाकल्याचा आवाज. पहिल्या रविवारी बाबा वर्तमानपत्र हातात धरून थांबून राहिले होते. दुसरा प्रश्न आला नाही. आईनं आमची ताटं वाढली.

काका ओकायचे थांबले, हे खरं. ओकायला पोटात काहीच नव्हतं. आधी पोळी सुटली, मग भात. सकाळचा अर्धा कप चहा तेवढा घ्यायचे, तोही मला वाटतं चहा करून समोर ठेवला जायचा आणि विचारलं जात नसे म्हणून. शर्टाच्या बाहीतून मनगट लहान मुलाचं असावं तसं दिसायचं. सुधाकाकू आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईच्या खांद्यावर डोकं ठेवायच्या. ‘‘मी विचारते हो वहिनी. रोज विचारते. काय चुकून राहिलं माझं?’’ त्यांच्यासारख्या बाईला असं रडताना बघणं फार वाईट होतं. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्या सांगितल्याप्रमाणे एकदा विचारत होत्या.

अशात एका दुपारी सांवेरहून काकांची मामेबहीण आली, विमलताई. काका आजारी आहेत कळलं म्हणून बस पकडून आली होती, सोबत नव्या गव्हाची पिशवी. काका झोपले होते आणि काकू शाळेत, म्हणून ती आमच्याकडे टेकली. मी त्या दिवशी घरीच होते. मी तिला सगळं सांगितलं, अगदी टाकीच्या आडोशापासून. ती कपाळ दाबून ऐकत होती.

‘‘तो सहा वर्षांचा आला आमच्याकडे,’’ ती म्हणाली. ‘‘त्याची आई, म्हणजे माझी आत्या गेली, आणि तिच्या पाठोपाठ सहा महिन्यांत तिचा नवरा. पण आत्यानं जाताना पोराला पढवून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या घरी राहायचं आहे. पहिल्यांदा विचारलं तर नको बोलायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, म्हणजे समजायचं के मनापासून देऊन राहिले. तो तसंच करायचा. आता माझी आई काही वाईट नव्हती ग. पण आम्ही घरचीच सात पोरं. ती कढई घेऊन निघाली के एकदा विचारायची आणि पुढे. दुसऱ्यांदा तिनं आम्हालाच कधी विचारलं नाही, तर त्याला कुठून विचारणार? आम्ही समजायचो, याला भूकच कमी.’’

तिनं गव्हाची पिशवी जवळ ओढली. ‘‘मग गावात पाटलांच्या घरी लग्न होतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ लाडू घेऊन फिरत होते. त्यांना गंमत वाटली का काय, याच्यापुढे बसलेच. ‘घे बाळ, घे ना, आणखी घे.’ यानं अकरा लाडू खाल्ले. एवढंसं पोर! रात्रभर ओकला. पण काय सांगू, सगळा मांडव याच्याकडे बघून हसून राहिला होता, आणि हा असा बसला होता जसा नवरदेव.’’

मी उठले ती थेट शाळेत गेले. सुधाकाकूंना मधल्या सुटीत बाहेर बोलावलं, विमलताईनं सांगितलेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, काकू, चूक झाली, माझी चूक झाली, त्यांना परत विचारा, दुसऱ्यांदा विचारा. काकूंचे हात खडूनं आणि दोऱ्यांनी भरलेले होते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘मंजू, टाकीजवळ ओकताना कोणी बघितलं? तू. मला येऊन कोण बोललं? तू. डॉक्टरसमोर मान कोणी हलवली? आणि आता विमलवन्सं चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट बोलल्या, तर मी परत त्यांना कोंबून कोंबून घालू? मरतील ना ते!’’ त्यांचंही बरोबर होतं. भूक पोटात असते एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरनंही तिथेच शोधली होती.

मी ठरवलं, मी विचारीन. काकू रागावल्या तर रागावू देत. दोनच दिवसांनी गल्लीतल्या वैद्यांच्या मुलीचं रिसेप्शन होतं, काकांना न्यायला वैद्य स्वतः येणार होते. म्हटलं, तिथेच विचारते. मांडव असेल, लोक असतील, त्यांना जुन्यासारखं वाटेल. त्या दोन दिवसांत भिंतीपलीकडे जाऊन एक वाटी वरणभात हातात घेऊन बसायला मला काय झालं होतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. बँकेत ऑडिट होतं. खरंच होतं. पण ते काही उत्तर नव्हे.

त्या रिसेप्शनबद्दल सांगायचं तर, तोवर पंगती संपल्या होत्या. लग्नं कार्यालयांतून निघून लॉनवर गेली होती. पान नाही, पाट नाही. लांब टेबलं, त्यांवर झाकणाची भांडी, आपली प्लेट आपण घ्यायची आणि रांगेत सरकायचं. नूडल्ससुद्धा होत्या. लोकांना हे फार आवडलं होतं, कोणाची कटकट नाही, हवं ते घ्या. काका आले ते सुधाकाकूंचा हात धरून. लग्नातला जुना कोट अंगावर लोंबत होता. कोणीतरी त्यांच्या हातात प्लेट दिली. काकू बायकांत जाऊन बसल्या आणि काका टेबलाशी रांगेला लागले.

मी लांबून बघत होते. टोपी घातलेला वाढपी पळी उचलून म्हणायचा, ‘‘सर, पनीर?’’ काकांचा पंजा छातीशी. ‘‘नहीं नहीं.’’ पळी मागच्या माणसाच्या प्लेटमध्ये. ‘‘सर, पुलाव?’’ ‘‘नहीं, बस.’’ पळी पुढे. असं करत ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि शेवटी कोरी प्लेट घेऊन एका झाडाखाली उभे राहिले.

मी कोपऱ्यातल्या कढईवरून गरम जिलब्या वाटीत घेतल्या आणि त्यांच्याकडे गेले. ‘‘काका, जिलबी?’’

पंजा वर आला. हाडं आणि वर कातडं. ‘‘नको ग,’’ ते म्हणाले, आणि पंजावरून माझ्याकडे बघायला लागले. डोळे तेच होते, ताईच्या लग्नातले.

तेवढ्यात मागून वैद्यकाकूंनी माझा दंड धरला. ‘‘मंजू, अग चल, फोटो! सगळी गल्ली स्टेजवर उभी आहे, तुझ्यासाठी थांबून राहिले सगळे. चल, फोटोवाला चिडला आहे.’’ मी म्हटलं, एक मिनिट. त्या म्हणाल्या, आधी चल. मी वाटी तिथल्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, ‘‘काका, आलेच हं.’’

एका मिनिटाचं काम नव्हतं. कोणाचं पोर सापडेना, कोणाला पुढे यायचं होतं, मग फ्लॅश चालेना. मी मागच्या ओळीत उभी होते, दोन्हीकडून माणसं दाटून उभी, आणि समोरच्या माणसांच्या डोक्यांवरून मला झाड दिसत होतं. काका त्याच जागी होते. प्लेट छातीशी धरलेली, मान माझ्याकडे वळलेली. ते वाट बघत होते. त्यांच्या बाजूला, हाताच्या अंतरावर खुर्चीत जिलबीची वाटी होती. घ्यायची असती तर नुसता हात पुढे करायचा होता.

मी खाली उतरले तेव्हा ते झाडाखाली नव्हते. खरकट्या प्लेटा टाकायचा मोठा टब होता, त्यापाशी उभे होते. त्यांनी रुमालानं आपली कोरी प्लेट पुसली आणि त्या सगळ्या माखलेल्या प्लेटांवर अलगद ठेवली. वैद्य तिथेच होते, ते म्हणाले, ‘‘काय टेंभे, जेवलात ना?’’ काका म्हणाले, ‘‘हो, हो. पोटभर. भोत छान झालं सगळं.’’ मी हाक मारली. त्यांनी वळून माझ्या पदराचा काठ बोटांत घेतला, चोळला आणि म्हणाले, ‘‘चांगलं आहे ग. कुठे दोष नाही.’’ मग काकूंचा हात धरून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकाकूंनी भिंत ठोकली. काका मोरीत पडले होते. दवाखान्यात त्यांना सलाइन लावलं, ते काही कोणाला विचारून चढत नाही. शुद्धीवर ते आलेच नाहीत. पाच दिवसांनी गेले. सुधाकाकू अजून आहेत, अजून त्याच घरात आहेत. मी त्यांना झाडाखालची गोष्ट कधी सांगितली नाही.

त्या फोटोच्या प्रती वैद्यांनी सगळ्यांना वाटल्या होत्या. माझ्याकडे एक आहे. गल्लीतले पंचवीस-तीस लोक कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. मागच्या ओळीत मी एकटीच दुसरीकडे बघते आहे, आणि माझं तोंड अर्धवट उघडं आहे.